इरकली लुगड्याची चौघडी

माझ्या आईला देण्याची फार हौस होती, आणि ती हौस तिला एकदा चांगलीच भोवली. आम्ही अंधेरीला स्टेशनच्या पूर्वेला एका दुमजली चाळीत राहायचो. वडील फोर्टात कचेरीत, मी थोरली, आणि माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला धाकटा भाऊ तेव्हा चार वर्षांचा. दारात आलेला माणूस रिकाम्या हाताने गेलेला आईला खपत नसे. काही नाही तर कढीपत्त्याची डहाळी तरी ती त्याच्या हातात कोंबायची.

"एक दिवस मलाही देऊन टाकशील कुणाला तरी," वडील म्हणायचे.

"घेणारं कोण आहे?" आई म्हणायची.

एका वर्षी दिवाळी झाली आणि धाकट्याचा घसा धरला. आधी वाटलं, फराळाचं तेलकट बाधलं. मग मान सुजली, आवाज बसला, आणि श्वास घेताना घरघर ऐकू यायला लागली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी चमच्याच्या दांड्याने त्याची जीभ दाबून घशात पाहिलं. मी मागून डोकावले. आत पांढुरका पापुद्रा दिसला. डॉक्टर म्हणाले, "घटसर्प. आत्ताच्या आत्ता मरोळच्या रस्त्याला घेऊन जा, तिथल्या दवाखान्यात फुकट इंजेक्शन देतात."

मरोळच्या रस्त्यावर एका जुन्या बंगल्यात लहान मुलांचा धर्मादाय दवाखाना होता. बंगला कुणीतरी दान दिलेला, औषधं कुणीतरी दिलेली, खाटा आणखी कुणाच्या. थोडक्यात, सगळा कारभार लोकांच्या देण्यावर चालायचा. तोपर्यंत आम्ही त्याच्याकडे टांग्यातून जाताना नुसतं बघायचो. त्या दिवशी आईने धाकट्याला चौघडीत गुंडाळलं आणि टांग्यात बसली. ती चौघडी तिच्या, माझ्या वेळच्या डोहाळजेवणाच्या हिरव्या इरकली लुगड्याची होती. लुगडं विरलं तेव्हा त्याच्या चार घड्या घालून, लाल काठ चारी बाजूंनी येतील असे लावून तिने ती शिवली होती. धाकटा जन्मल्यापासून तीच पांघरायचा. दुसरं पांघरूण अंगावर टाकलं तर पायाने उडवून द्यायचा.

त्याला इंजेक्शन मिळालं, तो तिथल्या वेगळ्या खोलीत राहिला, आई त्याच्या उशाशी राहिली, आणि तो वाचला. आवाज परत आला तो "मला लाडू" एवढं म्हणण्यासाठी. आईने त्या बंगल्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं. इतके दिवस ज्यांनी आपल्याकडे काही मागितलं नाही त्यांना आपण काहीतरी द्यायचं, हे तिच्या मनाने तेव्हापासूनच घेतलं असावं.

घरी आणलं त्या दिवशी डॉक्टर येऊन बघून गेले. जाताना म्हणाले, "वहिनी, त्याचे कपडे, चादरी सोडा घालून खळखळ उकळा. ती चौघडी मात्र जाड आहे, ती उकळून भागायचं नाही. जाळून टाका."

आई हो म्हणाली. चादरी, सतरंजी, सदरे सगळं तिने उकळलं. चौघडी राहिली.

आता कुणी म्हणेल, एक फाटकं पांघरूण जाळायला काय लागतं? लागतं. आमच्याकडे अंथरूण-पांघरूण टाकतात, जाळतात, ते माणूस गेल्यावर. जित्या पोराचं पांघरूण आगीत घालणं म्हणजे त्याच्या आयुष्याला काडी लावणं, असं आई लहानपणापासून ऐकत आली होती. नुकतं मरणाच्या दारातून ओढून आणलेलं पोर, आणि त्याचं पांघरूण चुलीत? तिचा हात धजला नाही. तिने चौघडी कडुलिंबाचा पाला घातलेल्या गार पाण्यात बुडवून ठेवली, मागच्या गॅलरीत कडक उन्हात वाळवली, आणि डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. मी बघत होते.

"बघतेस काय? दळण टाकून ये," ती म्हणाली.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "जाळलीस ना ती?" आई म्हणाली, "झालं सगळं." खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस खोटं बोललं की भलतंच तुटक बोलतं. वडिलांना ते कळलं नाही. मला कळलं, पण मलाही ती चौघडी जळायला नकोच होती.

मग संक्रांत जवळ आली. आमच्या भागात बायकांचं एक मंडळ होतं आणि त्याच्या अध्यक्ष एक वकीलीणबाई होत्या. बाई अंगाने भरदार, आवाज त्याहून भरदार, मनाने मात्र चांगल्या. त्या वर्षी त्यांनी टूम काढली की हळदीकुंकवाला एकमेकींना वाण म्हणून कंगवे नि चमचे लुटण्यापेक्षा मरोळच्या दवाखान्यातल्या मुलांना पांघरुणं द्यायची. "थंडीत पोरं कुडकुडतात हो! जुनी द्या, मऊ द्या. कोऱ्या कापडाने तान्ह्याचं अंग सोलवटतं," असं त्या दारोदार सांगत फिरल्या.

हळदीकुंकू वकीलीणबाईंच्याच ओसरीवर झालं. बायकांनी दुपटी आणली, कुंच्या आणल्या, जुनेरं आणली. आईनेही दोन दुपटी शिवली होती. ती तिने ठेवली आणि मग पिशवीतून ती चौघडी काढून सगळ्यांच्या वर ठेवली. मी चमकलेच. घरातून निघताना मला पत्ता लागू दिला नव्हता.

"हिच्याखालून आमचा बाबू उठला," आई म्हणाली. "मरता मरता उठला. म्हटलं, आणखी कुणाचं तरी उठेल."

मग एकीने चौघडीला हात लावून तो डोळ्यांना लावला. दुसरी म्हणाली, "हेच खरं वाण." त्या काळी ज्या घरात पोरं जगत नसत त्या घरची बाई जगलेल्या पोराचं अंगडं पदर पसरून मागून आणायची आणि आपल्या पोराला घालायची. आईने तर न मागता दिलं होतं. वकीलीणबाईंचे डोळे पाणावले. त्या म्हणाल्या, "ही मी मुद्दाम सगळ्यात अशक्त पोराला द्यायला सांगते. आणि हिला पाणी लावू नका म्हणावं, गुण जाईल."

येताना आई इतकी हलकी होऊन चालत होती की मला तिच्याबरोबर पळावं लागलं. जाळण्यातून सुटका झाली, घरात ठेवायची भीती गेली, वर पुण्य लागलं. एका दगडात किती पक्षी मारले तिने! मला वाईट वाटलं ते चौघडी गेल्याचं, बाकी माझ्याही डोक्यात काही आलं नाही.

चार-आठ दिवसांनी आई धाकट्याला छाती तपासायला डॉक्टरांकडे घेऊन गेली. घटसर्प गेला तरी मागे हृदयाला धक्का पोचवून जातो म्हणे, म्हणून ते त्याला अधूनमधून बोलवायचे. मी बरोबर होते. डॉक्टरांनी नळी कानाला लावली, ठोके ऐकले, "ठाकठीक" म्हणाले. मग हात धुता धुता सहज बोलले, "कपड्याबिपड्यांची काळजी घेतलीत ते बरं केलंत. तिकडे पाण्याच्या टाकीपलीकडे एक मुलगा घटसर्पाने गेला. त्याची उशी आईने आठवण म्हणून ठेवली, आणि आता बहीण त्याच दुखण्याने पडली आहे."

आईच्या हातातली धाकट्याची टोपी खाली पडली. ती उचलत तिने विचारलं, "आणि समजा, कुणी धुऊन उन्हात वाळवलं असेल तर?"

"उकळलं का?"

"नाही. गार पाण्यात. कडुलिंब घालून."

"कडुलिंबाला घटसर्प भीक घालत नाही, वहिनी," डॉक्टर हसले. मग त्यांनी वर बघितलं. "कुणी केलं असं?"

"कुणी नाही. असंच विचारलं," आई म्हणाली. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिला जमत नसे, पण त्या दिवशी डॉक्टरांच्या दारात पुढचा पेशंट रडत होता म्हणून ती निसटली.

रस्त्यात तिने धाकट्याचा हात इतका घट्ट धरला होता की तो कुरकुरायला लागला. घरी येऊन ती पाटावर बसली, उठली, परत बसली. कुकराचं झाकण लावलं आणि खाली विस्तव घालायला विसरली. मला तिची भीती वाटायला लागली. "सगळ्यात अशक्त पोराला," ती एकदम मोठ्याने म्हणाली. "ऐकलंस ना तू? सगळ्यात अशक्त पोराला म्हणाल्या होत्या ना?"

मी मान हलवली. कुठल्या तरी खाटेवर कुणीतरी पोर झोपलेलं आहे, आणि आमची हिरवी चौघडी त्याच्या हनुवटीपर्यंत ओढलेली आहे, हे मला उघड्या डोळ्यांनी दिसायला लागलं.

तिने धाकट्याला शेजारी सोडलं आणि मला घेऊन वकीलीणबाईंकडे गेली. अजून पांघरुणं तिथेच पडली असतील, एवढीच तिची आशा होती. वकीलीणबाई झोपाळ्यावर बसून तिळाच्या वड्या कापत होत्या.

"पाठवली की! दुसऱ्याच दिवशी," त्या म्हणाल्या. "का हो?"

आई म्हणाली, "नाही, ती चौघडी... परत मिळाली तर..."

वकीलीणबाईंनी सुरी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरले नाही. "जीव अडकला होय लुगड्यात? अहो, दिलेलं दान परत मागतं का कुणी? चारचौघींत मिरवलंत आणि आता मागे घेता?"

आई कानापर्यंत लाल झाली. खरं काय ते सांगायला तिची जीभ रेटेना. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "हो, अडकला जीव," आणि वळली. चप्पल घालायचंही तिला भान नव्हतं. मीच ती तिच्या पायाशी सरकवली. फाटकापाशी मी तिला विचारलं, "तू खरं का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "इथे सांगून वेळ कशाला घालवू? तिथे सांगायचंय."

टांगा केला. अंधेरी मागे पडली की तेव्हा दोन्ही बाजूंना भाताची कापून झालेली खाचरं, ताडाची झाडं आणि लांबवर दगडाच्या खाणी दिसायच्या. खाणीकडून सुरुंगाचा आवाज आला की टांग्याचं घोडं बिचकायचं आणि आई टांगेवाल्याला म्हणायची, "जरा लवकर हाका ना, भाऊ." तो म्हणायचा, "बाय, घोडा हाय, विमान नाय."

दवाखान्याच्या व्हरांड्यात एक मालवणची सिस्टर होती. तिची पाळी त्या वेगळ्या खोलीत नसायची, पण धाकट्याच्या वेळी तिनेच आईला बाहेर बोलावून बळे बळे जेवायला लावलं होतं. आईला बघून ती हसली. "काय गो, पोर बरा मा?"

"बरा आहे. सिस्टर, वाणाची पांघरुणं आली ना, त्यातली हिरवी चौघडी. ती तुम्ही उकळली असेल ना? तुम्ही सगळं उकळूनच घेता ना?"

"सगळा उकळतंव. तीच तेवढी नाय. बायांनी निरोप धाडलेलो, जगलेल्या पोराची आसा, गुण जायत म्हणून. मी म्हटलं, असो भाव आसा तर असांदे." आणि तिने खिडकीजवळच्या खाटेकडे बोट दाखवलं.

तिथे आमची चौघडी होती. तिच्याखाली दीड-दोन वर्षांची एक मुलगी होती, नुसती कातडी आणि डोळे. खोकला आणि जुलाबाने खंगलेली. खाटेशी तिची आई जमिनीवर बसली होती. खाणीवर खडी फोडणारी बाई, हाताची बोटं पांढऱ्या धुळीने चिरलेली. व्हरांड्यातलं आमचं बोलणं तिने ऐकलं असावं, कारण आईला बघताच ती उठली आणि वाकून आईच्या पाया पडली.

"तुमच्या लेकराचं पांघरूण नव्हं का ह्ये? लई गुणाचं हाय, बाई. रातभर तळमळत व्हती, ह्ये घातलं आन् डोळा लागला बगा."

आई मागे सरकली. मी तिच्या पदराला धरून उभी होते. मला वाटलं, आपण पळून जावं. अजूनही कुणाला काही ठाऊक नव्हतं. आईने हात जोडून नमस्कार केला असता आणि टांग्यात बसली असती, तर त्या बाईने तिला जन्मभर दुवा दिला असता.

आईने वाकून चौघडी मुलीच्या अंगावरून काढली.

"वो बाई, ऱ्हाऊ द्या की!" ती बाई ओरडली आणि तिने दुसरं टोक धरलं. "आत्ता कुठं झोपलीया. काढू नगा, पाया पडते. तुमचं जगलं, माझं बी जगू द्या!"

"अगं, ह्यात माझ्या पोराचा रोग आहे," आई म्हणाली. "घटसर्प. डॉक्टरांनी जाळायला सांगितली होती. मी जाळली नाही. मी जाळली नाही आणि इथे आणून दिली."

त्या बाईने विंचू हातात आल्यासारखं टोक सोडलं. सिस्टर धावत आली. मालवणी माणूस चिडला की काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. "माझे बाये, ह्या काय केलंस गो तू! हय पोरा मराक टेकलेली आसत, आणि तू रोग दान करतंस?" सगळा वॉर्ड ऐकत होता. आई मान खाली घालून चौघडी पोटाशी धरून उभी होती. मला सिस्टरचा संताप आला आणि आईचाही आला, आणि दोन्हींचा उपयोग नव्हता.

मोठे डॉक्टर आले. मुलीच्या घशात बत्ती मारून पाहिलं. अजून काही दिसत नव्हतं, पण त्यांनी तेच इंजेक्शन तिला द्यायला लावलं आणि तिची खाट वेगळ्या खोलीत हलवली, जिथे आमचा धाकटा होता तिथेच. "आता काही दिवस वाट बघायची," ते म्हणाले. आईला ते काहीच बोलले नाहीत. आईला ते जास्त लागलं असावं.

बंगल्याच्या मागे कपडे उकळायचं मोठं घमेलं होतं, खाली लाकडं पेटलेली. सिस्टर म्हणाली, "दी हय, आमची बाई टाकतली." आई म्हणाली, "नको. मी टाकते."

ती चुलाण्याशी गेली. मी मागे उभी. माझ्याही मनात तेच होतं जे तिच्या मनात होतं. आपला धाकटा घरी शेजाऱ्यांकडे खेळतोय, आणि हे त्याचं पांघरूण आहे. त्या क्षणी मला त्या खाणीवरच्या मुलीचं काही पडलेलं नव्हतं. मी म्हणाले, "आई, तिला टाकू दे ना. तू नको." आईने माझ्याकडे बघितलं. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तिने चौघडीचा लाल काठ एकदा गालाला लावायला वर नेला, मग आठवण होऊन खाली घेतला. "देवा, माझ्या हाताने होतंय, माझ्यावर घे," ती म्हणाली, आणि तिने चौघडी लाकडांवर सोडली. आधी नुसता धूर झाला. मग काठ पेटला.

परतताना ती टांग्यात पुढे वाकून बसली होती. चाळीच्या तोंडाशी टांगा थांबायच्या आत तिने उडी मारली. तिला तसा जिना चढताना मी कधी पाहिलं नव्हतं. धाकटा शेजारच्यांच्या चटईवर पालथा पडून झोपला होता. आईने त्याला उताणा केला, नाकाशी बोट धरलं, छातीवर कान ठेवला. तो दचकून जागा झाला आणि भोकाड पसरलं. मला जन्मात कुणाचं रडणं इतकं गोड लागलं नाही.

वडिलांना तिने त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. त्यांना राग आला, पण तिचा चेहरा बघून त्यांनी तो गिळला.

पुढचे दिवस कसे गेले ते मला विचारू नका. सकाळी उठलं की आई धाकट्याला खिडकीशी नेऊन चमच्याने त्याचा घसा बघायची, आणि मग स्वयंपाक आटपून मरोळला जायची. तिला आत घेत नसत. ती व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहायची. सिस्टर बाहेर आली की ती नुसती वर बघायची आणि सिस्टर मान हलवायची, नाही अजून काही. पहिले दिवस सिस्टर घुश्शात होती, पुढे ती पाण्याचा पेला आणून द्यायला लागली. इकडे मंडळात बातमी पसरली होतीच. हळदीकुंकवाला ज्या बाईने चौघडीला लावलेला हात डोळ्यांना लावला होता, ती आमच्या दारावरून जाताना आता नाकाला पदर लावून जायची. आईचं तिच्याकडे लक्षही नव्हतं. तिचे कान एकाच बातमीकडे लागले होते, आणि दोन पोरांमध्ये तिचा जीव असा अर्धा अर्धा झाला होता की कुणासाठी जास्त घाबरते आहे हे तिलाच सांगता आलं नसतं.

धोक्याचे दिवस सरले. मुलीच्या घशात काही उमटलं नाही. खोकला आणि जुलाबही हळूहळू हटले, आणि होळीच्या सुमाराला तिला घरी सोडलं.

एका दुपारी आमच्या दारात हाक आली. आई बाहेर गेली तर तीच खाणीवरची बाई, कडेवर मुलगी. मुलीच्या गालांवर आता थोडं मांस होतं आणि ती चोखत होती स्वतःचीच मूठ. बाई आत येईना. दारातच तिने पदर पसरला.

"पोराचं येक आंगडं द्या, बाई. मागाया आले."

आईला कळेना. "माझ्याकडे? अगं, माझ्याकडे कशी मागतेस तू? मी तुला काय दिलं ते विसरलीस?"

"न्हाई इसरली," ती म्हणाली. "पर तुमी सोता काढून नेलंत. तुमचं जगलंय, माझं बी जगलंय. आता द्या."

आईने आत जाऊन धाकट्याचा निळा सदरा काढला. दाराशी आली, आणि थांबली. मग तिने त्या बाईला जिन्याच्या पायरीवर बसायला सांगितलं, तिच्या हातात गुळाचा खडा आणि पाणी दिलं, शेगडी बाहेर गॅलरीत आणून ठेवली, पातेल्यात सोडा घातला आणि तो सदरा तिच्यादेखत उकळत ठेवला. पाणी खळखळायला लागलं तरी तिने उतरवला नाही. धाकटा येऊन विचारायला लागला, माझा सदरा का शिजवतेस? त्यावर ती बाई हसली, आणि मग आईही हसली, कितीतरी दिवसांनी.

सदऱ्याचा निळा रंग पार उडाला. वाळेपर्यंत थांबायला त्या बाईला वेळ नव्हता, खाणीवर परत जायचं होतं. तिने तो ओलाच पिळून खांद्यावर टाकला आणि मुलीला घेऊन जिना उतरली.